वायपरची मोटर आणि बोलता तितूर : सौंसर-पांढुर्णा भागातली पाखरांची राखण

आपल्या मंडळानं गेल्या हिवाळ्यात जुन्या शेती-अवजारांची यादी करायला घेतली, तेव्हा मी आमच्या खेड्यातल्या घराचं मागचं कोठार उघडलं. खेडं सौंसर तालुक्यातलं. वखराची पास, तिफणीचे नळे, एक मोडका डवरा, मोटेचं लोखंडी कडं अशा यादीत सहज बसणाऱ्या वस्तू निघाल्या. त्यांच्या खाली यादीत न बसणारी एक वस्तू होती. हातभर सागाच्या फळीवर ट्रकची वायपर मोटर खिळवलेली. मोटरच्या दांड्याला आडवी लोखंडी पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना सायकलच्या चेनचे तुकडे आणि त्यांना जाड नट. शेजारी उपडा टिनाचा डबा. पट्टीच्या एका टोकाला उभी काडी आणि तिला पांढऱ्या धोतराचा तुकडा, आता चहाच्या रंगाचा झालेला.

हे माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबूजींनी, १९८१ च्या हंगामात केलेलं पाखरं हाकलायचं यंत्र. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचं. पट्टी एकदा फिरली की डब्यावर दोन ठोके पडत आणि पांढरं फडकं जवारीच्या कणसांवरून एक चक्कर मारून येई. तेव्हा मी सातवीत होतो आणि गावभर त्याची फुशारकी मारत फिरलो होतो.

यादीत या वस्तूपुढं काय लिहायचं, हा प्रश्न मला पडला. त्या निमित्तानं जे वाचलं, आठवलं आणि विचारून घेतलं, ते इथं मांडतो.

तीच मोटर, उलटं काम

जगात दुसरीकडे असं काही होतं का, हे आधी पाहिलं. तर नेमकी हीच वायपर मोटर ब्रिटनमधले कबुतरांचे शिकारी वापरतात. तिकडचं रानकबूतर कोबीवर्गातल्या पिकांची, वाटाण्याची आणि गव्हाची फार नासाडी करतं, म्हणून पीक वाचवण्यासाठी ते मारायची कायद्यानं मुभा आहे. शिकारी शेतात आडोसा करून बसतो. समोर मोटर जमिनीत रोवतो, तिला दोन लांब लवचीक काड्या लावतो आणि काड्यांच्या टोकांना पंख पसरलेली मेलेली किंवा प्लास्टिकची कबुतरं अडकवतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ती गोल फिरतात. त्या कबुतराच्या पंखावर पांढरा पट्टा असतो आणि उतरताना तो चमकतो. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, आपली माणसं खाली उतरताहेत, म्हणजे दाणा आहे आणि धोका नाही. थवा वळतो आणि बंदुकीच्या टप्प्यात येतो.

वायपरचीच मोटर का, तर ती भंगारात स्वस्त मिळते आणि मुळात सावकाश फिरते. तिच्या पोटात आटेदार दांडा आणि दातेरी चक्र असतं. त्यामुळं वेग मिनिटाला पन्नासेक फेऱ्यांपर्यंत उतरतो आणि जोर वाढतो. पंख्याची मोटर लावली तर पाखरू भिरकावलं जाईल. बाबूजींनीही पहिल्यांदा जुन्या टेबलफॅनची मोटर लावून पाहिली होती. तिनं डबाच उडवला. मग पांढुर्ण्याला नागपूर-बैतूल रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडून ही आणली. इंग्लंडचा शिकारी आणि सौंसरचा शेतकरी एकमेकांना न भेटता एकाच सुट्या भागाशी येऊन थांबले. दोघांच्याही यंत्रात पांढरं काहीतरी गोल फिरतं. तिकडं ते ‘या’ म्हणतं, इकडं ‘जा’ म्हणतं.

बोलावण्याची युक्ती मोटरीच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या लवलॉक गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्याची विणलेली अकरा बदकं सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्याच देशात एकोणिसाव्या शतकात प्रवासी कबुतरांचे अफाट थवे पकडायला जिवंत कबूतर वापरत. त्याचे डोळे शिवून त्याला एका छोट्या बैठकीवर बांधायचे आणि दोरीनं बैठक वरखाली करायची. तोल सावरायला ते पंख फडफडवी आणि वरचा थवा फसे. कोट्यवधींच्या संख्येतली ती जात पार संपली. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पुढं १९३५ मध्ये अमेरिकेनं पाणपक्ष्यांच्या शिकारीत जिवंत पक्षी आमिष म्हणून वापरायला बंदी केली. आज मोटरीवर पंख फिरवणाऱ्या खोट्या बदकांवरही तिथल्या काही राज्यांनी बंधनं घातली आहेत.

मोटरीच्या आधीची राखण

आता आपल्याकडं येऊ. सौंसर-पांढुर्ण्याला आज लोक संत्र्यासाठी ओळखतात, पण माझ्या लहानपणी वावरात जवारी, पऱ्हाटी, तूर आणि भुईमूग हेच जास्त. हुरड्यावर आलेल्या जवारीवर पोपट, चिमण्या आणि सुगरणी येत. हिवाळ्यात भोरड्यांचा थवा उतरला की घटकाभरात धुऱ्याकाठची कणसं रिकामी. पारवे आणि होले पेरणीचा हरभरा वेचत आणि खळ्यावरच्या दाण्यावर ताव मारत. पारवा मात्र कुणी मारत नसे. देवळाच्या शिखरात राहणाऱ्या पाखराला दाणा टाकायचा असतो, ही समजूत पक्की. खळं आटोपताना आजी मूठभर दाणे बाजूला टाकून म्हणायची, “हा पाखराईचा वाटा.” त्या वाट्यापलीकडचं वाचवायचं, म्हणजे राखण.

राखणीची साधनं तीन. वावरात चार खांबांचं मचाण, त्यावर बसणारा माणूस आणि त्याच्या हातात गोफण. अंबाडीच्या दोरीची, मधोमध विणलेल्या खोळीची गोफण सगळ्यांनाच माहीत आहे. तिचं खरं काम पाखराला मारणं नव्हे. दोरीचं मोकळं टोक सुटताना जो फटका वाजतो, त्यानं थवा उठतो. गोटा त्याच्या मागून जातो. बुजगावणं होतंच, पण ते एकटं कुणी ठेवत नसे. आमचा सालदार म्हणायचा, “पाखरू डब्याले नाई भेत, मानसाले भेते. डबा मानसाची याद देते, तवरिकच भेते.” या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. पाखराला इजा झाली नाही तर ते चार-आठ दिवसांत सरावतं आणि बुजगावण्याच्याच डोक्यावर येऊन बसतं.

गोफणीचा हा हात आपल्या भागात आणखी एका ठिकाणी दिसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडावरचा झेंडा काढायला दोन्ही काठांवरून दगड चालतात. हातानं फेकलेल्या दगडापेक्षा गोफणीचा गोटा लांब आणि जोरात जातो, म्हणून तिथं गोफणीला प्रशासनाची मनाई असते. तरी ती निघतेच. पाखरांसाठी शिकलेला हात माणसांवर किती नेमका चालतो, हे आपल्याला दरवर्षी दिसतं.

शेताच्या राखणीसाठी बंदूकही होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. आपल्याकडं तिला भरमार म्हणतात. पण ती रानडुकरासाठी. चिमणीवर दारू कोण खर्च करणार?

मग राखण अवघड का झाली? एक कारण बियाण्यात आहे. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित जवारी आली. गावरान जवारी डोक्याच्या वर जाणारी, पाच महिन्यांची. हायब्रीड ठेंगणी आणि शंभरेक दिवसांत तयार होणारी. गावरान अजून पोटरीत असताना हायब्रीडचे दाणे भरत, आणि शिवारातली सगळी पाखरं त्या दोन-चार वावरांवर तुटून पडत. सगळं शिवार एकदम पिकायचं तेव्हा नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं. आता जो आधी पिकवेल तो एकटा मरे. पुढं सोयाबीन आणि संत्रा वाढला, जवारी कमी झाली आणि उरलेल्या जवारीवर भार आणखी वाढला. आज जवारी का पेरत नाही असं कुणालाही विचारा, “पाखरं आन डुकरं” हे उत्तर पहिल्या दमात येतं.

आपल्याकडचं बोलावणं

पाखरं हाकलणं शेतकऱ्याचं काम. बोलावणं हे पारध्याचं. ब्रिटनमधल्या मोटरीचं खरं नातं आपल्या यंत्राशी कमी आणि पारध्याच्या पिंजऱ्याशी जास्त आहे.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथात पारध्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. फाशानं शिकार करणारे ते फासेपारधी, जात्याला टाकी लावत फिरणारे ते टाकणकर, पूर्वी चित्ते माणसाळवणारे ते चित्तापारधी, अशा शाखा त्यात दिल्या आहेत. फासा म्हणजे लांब दोरीला ओळीनं बांधलेले सरकफास. खुंट्यांवर तो गवतात असा मांडायचा की पळतं पाखरू मान घालूनच पुढं जाईल. माणसाळवलेल्या बैलाच्या आडून सावजाजवळ जाणं ही त्यांची आणखी एक विद्या. आणि तितरासाठी बोलता तितूर.

हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. झाकलेल्या पिंजऱ्यात पाळलेला नर तितूर असे. पहाटे धुऱ्याकाठच्या झुडपात पिंजरा ठेवायचा, भोवती फासे मांडायचे आणि झाकण काढायचं. उजाडलं की तो बोलू लागे. तितराचा नर आपली हद्द राखतो. दुसऱ्या नराचा आवाज आपल्या हद्दीत ऐकला की भांडायला धावत येतो आणि फासात अडकतो. ज्यांच्याकडं मी हे पाहिलं ते पारधीबाबा मला म्हणाले होते, “हा बोलला का त्याले वाटते, माह्या घरात कोन घुसला?”

कबुतराचं बोलावणं आणि तितराचं बोलावणं यात हाच फरक आहे. कबूतर भरवशानं फसतं, आपली माणसं पाहून. तितूर रागानं फसतो, परका ऐकून. पाखराचा स्वभाव ओळखल्याशिवाय दोन्ही जमत नाही. मोटर फार तर पंखाची नक्कल करील. कुठल्या महिन्यात, कुठल्या धुऱ्यावर, किती वाजता, हे तिला ठाऊक नाही.

या विद्येला कायद्यानं हळूहळू वेढलं. १९१२ च्या वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत तितूर, लावे आणि कबुतरं होती. सरकारनं ठरवलेल्या बंद हंगामात ती धरायला मनाई होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीच्या व्याख्येतच सापळा आणि फासा घेतला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यानं होणारी तितराची शिकारही संपली. पाखरांच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच झालं, आणि आज कुणी फासा मांडावा असं मी म्हणणार नाही.

पण पारध्यांना केवळ शिकारीच्या कायद्यानं वेढलं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसाला जन्मानं गुन्हेगार ठरवायची सोय केली होती. तो शिक्का पारध्यांवरही बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. गावाच्या मनातला कायदा मात्र रद्द झाला नाही. पांढुर्ण्याहून फार लांब नसलेल्या मुलताई तालुक्यात, चौथिया गावातली पारध्यांची वस्ती सप्टेंबर २००७ मध्ये जमावानं जाळली. ही जुनी गोष्ट नाही, आपल्यापैकी बहुतेकांना ती आठवत असेल.

आमच्या वावरातली गोष्ट

आता यंत्राकडं परत येतो. बाबूजींनी ते का केलं, हे सांगताना मी नेहमी म्हणत आलो की त्यांचं डोकं यंत्रात चालायचं. ते खरं आहे, पण अर्धंच.

१९८१ च्या आधी पाच-सहा वर्षं आमच्या वावराची राखण एक पारधी कुटुंब करत होतं. पारधीबाबा, त्यांची बायको, दोन मुलं. पोळा झाला की येत आणि खळं उरकेपर्यंत धुऱ्यावर पाल ठोकून राहत. आपसात गुजरातीसारखी वाटणारी बोली बोलत, आमच्याशी आमच्यासारखं. मोबदला म्हणजे खळ्यावरून दोन पोती जवारी, आणि धुऱ्यावरचे तितूर-लावे त्यांचे. मचाणावर दिवसा मुलं बसत, रात्री बाबा. गोफण त्यांना लागतच नसे. पाखरं कुठून उठतात आणि कुठं उतरतात हे त्यांना आधीच ठाऊक असे. थवा यायच्या वेळी ते त्या कोपऱ्यात नुसते उभे राहत. आमची हायब्रीड शिवारात सगळ्यांत आधी पिकायची आणि तरी आमचं नुकसान सगळ्यांत कमी असायचं.

१९८० च्या दिवाळीच्या आसपास गावातल्या एका विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी चार-पाच माणसं आमच्या अंगणात आली. कुणी पाहिलं नव्हतं, काही सापडलं नव्हतं. “आनखी कोन असन?” एवढाच पुरावा. बाबूजी त्यांच्याशी भांडले नाहीत. संध्याकाळी ते वावरात गेले आणि पारधीबाबांना म्हणाले, “बाबा, तुमी आता निंगा. मले गावात राहा लागते.” मी बरोबर होतो. बाबांनी काही विचारलं नाही. पाल सोडलं, पिंजऱ्यावर फडकं टाकलं. जवारीची दोन पोती बाबूजींनी खळ्याची वाट न बघता घरच्या कोठारातून काढून त्यांच्या बैलावर लादली. ती विहिरीची मोटर कुणी नेली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या हंगामात राहिलेल्या जवारीचा निम्मा चारा झाला, दाणा पाखरांनी नेला. पुढच्या वर्षी दुसरा रखवालदार मिळाला नाही. मग वायपरची मोटर आली.

ती चालली का? पहिले सहा दिवस उत्तम. सातव्या दिवशी पोपट डब्यापासून चार हातांवर बसून कणसं सोलू लागले. बाबूजींनी डब्याची जागा बदलली, ठोके उशिरा-लवकर पडावे म्हणून चेनचे तुकडे लहानमोठे केले, फडकं लावलं. दर वेळी चार-पाच दिवसांची उसंत मिळे. १९८४ नंतर आम्ही जवारी पेरली नाही.

नंतरची यंत्रं

बाबूजींचं यंत्र काही एकटं नव्हतं. आज सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत वावरांत वाऱ्यावर फिरणारा पंखा आणि त्याच्या दांड्यानं वाजणारी थाळी दिसते. तिला बॅटरी लागत नाही, पण वारा पडला की ती मुकी. कॅसेटची फीत ताणून बांधली की वाऱ्यात ती भणभणते आणि उन्हात चमकते. कॅसेटी गेल्या तसा तोही प्रकार कमी झाला, मग जुन्या सीडी लटकू लागल्या. वानरं आणि डुकरांसाठी प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून आवाज करणारी बंदूक आली. २०२५ च्या दिवाळीत तीच पोरांच्या हातात फटाका म्हणून गेली, मध्य प्रदेशात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली आणि सरकारला बंदी घालावी लागली. गोफणीचं जे झालं तेच इथंही. शेतात आवाज करायला केलेली वस्तू गावात माणसाला लागली.

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपले सरकारी कागद हिंदीत आणि वावरातले शब्द मराठीत. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, आता त्याचा इतिहास लिहिला जाईल. गोटमार त्यात येईल, जामसावळीचा मारुती येईल, संत्रा येईल. राखण आणि राखणदार यांची नोंद आपणच केली नाही तर ती कुठल्याच कागदात सापडणार नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या कोठारात गोफण, मचाणाची शिडी, थाळीचा पंखा असं काही असेल तर फोटो काढाच. पण घरच्या म्हाताऱ्यांना हेही विचारा, की ही वस्तू यायच्या आधी ते काम कोण करत होतं, आणि तो माणूस पुढं कुठं गेला.

मी यादीसाठी आधी लिहून दिलं होतं : ‘पाखरं हाकलायचं यंत्र, घरगुती बनावट, १९८१.’ ती नोंद मागं घेऊन आता अशी देतो आहे :

‘पाखरं हाकलायचं यंत्र. ट्रकची वायपर मोटर, टिनाचा डबा, सायकलची चेन, धोतराचा तुकडा. सौंसर तालुका, १९८१. त्याआधी या वावराची राखण एक पारधी कुटुंब करत होतं. १९८० मध्ये त्यांना आम्ही जायला सांगितलं.’